गाडी जाऊ दे

"कांदा बारीक चिर वं कांचन. रेल्वेचे सायेब लोक हायेत ते. आपल्यावानी जाडा कांदा त्याहिच्या घशाखाली उतरत नाई."

"आत्याबाई, गाडी थांबणारच नाहीये. थांबणार असती तर मोर्चा कशाला काढला असता?"

"तू चिर तं खरं."

मी चिरला. पंचफुलाबाई गावंडे म्हणजे माझ्या सासूबाई. गाव त्यांना भज्यावाली मावशी म्हणायचं आणि मी आत्याबाई. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण त्या वाद घालायच्याच नाहीत. समोरच्याचं सगळं निवांत ऐकून घ्यायच्या आणि मग आपल्याला हवं तेच करायच्या. त्या सकाळी त्यांनी एरवीच्या तिप्पट बेसन भिजवलं होतं आणि चहाची जुनी पितळी किटली चिंचेनं घासून लखलखीत केली होती. कुणासाठी, तर आमच्या गावात न थांबता निघून जाणाऱ्या एका गाडीसाठी.

मी मान खाली घालून कांदा चिरत होते ते बरंच होतं. डोळ्यांतून पाणी का येतंय हे कुणी विचारत नाही. घरी माझ्या खाटेखाली एक पिशवी भरून तयार होती, आणि तिच्याबद्दल मी आत्याबाईंना अवाक्षर बोलले नव्हते.

पिंपळझरी हे गाव रेल्वेनं वसवलं. आधी इथं एक पिंपळ होता आणि गोड्या पाण्याचा झरा होता, बाकी पळसाचं रान. वऱ्हाडातला कापूस बंदरावर न्यायला गोऱ्या लोकांनी छोट्या रुळांची लाईन टाकली. इंजिनाला पाणी लागतं आणि आसपास गोडं पाणी फक्त इथंच, म्हणून गाडी इथं थांबायला लागली. पुढं दुसरी एक लाईन येऊन मिळाली आणि जंक्शन झालं. जंक्शन म्हटल्यावर कापसाचं जिनिंग आलं, सरकीचे ढीग आले, खानावळी आल्या, मद्रासकडचे ड्रायव्हर आणि भुसावळकडचे फिटर बायकामुलं घेऊन आले. शाळेतून निवृत्त झालेले देवमन खंडारे गुरुजी सांगायचे, "आपल्या गावाले पाटील कधी नव्हता. आपल्या गावाले स्टेशनमास्तर होता."

मला स्थळ आलं तेव्हा माझे वडील ह्याच शब्दावर भाळले. आम्ही फलटणकडचे. "मुलाचं गाव जंक्शन आहे," ते सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले. लग्न होऊन मी आले तेव्हा त्या जंक्शनच्या फलाटावर शेळ्या झोपल्या होत्या. छोटी लाईन वर्षभरापूर्वीच बंद पडली होती. लाईन गेली म्हणून जिनिंग गेलं, जिनिंग गेलं म्हणून खानावळी गेल्या, आणि पोरं एकेक करून नाशिक-पुण्याकडं निघाली. दुकानांच्या पाट्या तेवढ्या होत्या. 'जंक्शन हेअर कटिंग', 'जंक्शन किराणा'. कुलपांवर गंज चढलेला.

आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी आत्याबाईंबरोबर मंगळवारच्या बाजाराला गेले. बाजार म्हणजे काय, मेथी-वांग्याचे चार ढीग आणि एक बांगडीवाला. मी मेथीची जुडी हातात घेऊन भाव करत होते. तेवढ्यात लांब हायवेवरून एका ट्रकचा भोंगा ऐकू आला. चांगला लांबलचक, भसाड्या आवाजाचा. आणि बाजार बंद पडला. माणसं होती तिथंच होती, पण आवाज बंद झाला. मेथीवाली "पाच रुपयाले दोन जु—" इतकं म्हणून थांबली, आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. बांगडीवाला, रडणारं पोर खांद्यावर घेतलेली बाई, तराजू धरलेला म्हातारा, सगळे गप्प, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या. मला वाटलं कुणीतरी मेलं.

मग ट्रक दिसेनासा झाला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. मेथीवालीनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "—ड्या."

मी मात्र खो खो हसले. नवी नवरी बाजारात अशी हसते म्हणून लोकांनी पाहिलंही. घरी येताना आत्याबाईंनी मला समजावलं. ओरडून नाही, अगदी स्वयंपाकाचं काही शिकवावं तसं.

"आपल्या गावातून लाईन जाते ना? अगदी बाजाराच्या मधून. तं लाईनवर मानूस असते. कोनी रूळ ठोकते, कोनी सांधा बदलते. गाडी आली का त्याले ऐकू गेलं पायजे. आता गावानं गलका केला तं त्याले कसं ऐकू जाईन? एकदा झालं होतं तसं. माह्या सासूच्या वक्ताले. बाजार भरला होता, एक मानूस गेला. तवापासून शिट्टी झाली का तोंड बंद. गार्डाचा डबा पिंपळाच्या पुढं गेला का मंग बोला."

"सगळं गाव?"

"सगळं गाव. शाळेत गुरुजी फळ्यापाशी थांबत. भांडनं थांबत. अन् पिंपळ ओलांडला का जिथं तुटलं तिथून पुढं. नवं वाक्य नाई काढाचं. तेच पुरं कराचं."

"पण तुमचं घर तर केवढं आत आहे. तुम्ही बोललात तर रुळावरच्या माणसाला काय फरक पडणार होता?"

आत्याबाई चालता चालता थांबल्या. "तुहा सासरा लाईनवर होता," त्या म्हणाल्या. "मी कशी बोलू?"

माझे सासरे रुळावर गेले नाहीत. निवृत्त होऊन, नातेवाइकांची लग्नंबिग्नं जेवून, घरी अंथरुणात गेले. त्यात आपल्या गप्प बसण्याचा वाटा आहे असं आत्याबाईंना मनापासून वाटायचं. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं.

ह्या सवयीतूनच गावाचं एक बोलणं तयार झालं होतं. कुणी रागानं ताडताड बोलायला लागलं की दुसरा म्हणायचा, "गाडी जाऊ दे." म्हणजे जरा दम धर, मग बोल. नवरा-बायकोत, भावाभावांत, ग्रामपंचायतीत, सगळीकडं हेच. लाईन बंद झाल्यावरही म्हणायचे. फक्त आता गाडीच नव्हती, त्यामुळं ती कधी जायचीही नाही, आणि भांडणं आपली चालू राहायची.

माझ्या नवऱ्याची, प्रफुल्लची, जिनिंगमधली नोकरी लग्नाआधीच गेली होती. मैना पोटात असताना तो चाकणला एका कारखान्यात लागला. दिवाळीला यायचा, अक्षय तृतीयेला यायचा. त्यानं खोली बघितली की आम्ही जायचं असं ठरलं होतं, पण आत्याबाई हलायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं टाकून जायला मी. "मोठी लाईन होऊन राहिली," त्या म्हणायच्या. "गाडी थांबू दे. तोच येते वापस." खरंच, जुन्या लाईनच्या जागेवर मोठ्या रुळांचं काम सुरू झालं होतं. मातीचे भराव पडले, खडी आली, पूल झाले. मैना रांगायची चालायला लागली, चालायची पळायला लागली, आणि लाईन पुरी झाली. मग कळलं की गाड्या जातील, पण पिंपळझरीला थांबा नाही. गावात माणसं उरली नाहीत तर थांबून करायचं काय, असा हिशेब कुणीतरी कुठंतरी मांडला होता. खोटाही म्हणता येत नव्हता.

त्या दिवशी मी ठरवलं. प्रफुल्लला फोन केला, "खोली घे." नव्या लाईनची तपासणी करायला साहेबांची गाडी येणार तो दिवस मीच निवडला. मोर्चा झाला, गाडी भुर्रकन निघून गेली, की आत्याबाईंची आशाही निघून जाईल. मग सांगू, आणि संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं मी आणि मैना निघू. येत असल्या तर त्याही. मी क्रूर नव्हते. मला माझा नवरा हवा होता, एवढंच.

दहा-साडेदहापर्यंत गाव रेल्वेच्या फाटकापाशी लोटलं. नुसतं गाव नव्हे, बाहेर गेलेलेसुद्धा आले होते. नाशिकहून, सुरतेहून, नागपूरहून. कुठून कुठून कळलं होतं कोण जाणे. मद्रासकडच्या एका ड्रायव्हरचा नातू आला होता, त्याला धड मराठीही येत नव्हती. रुळांच्या दोन्ही बाजूंना दोर बांधून माणसं उभी होती, पिंपळापासून थेट नव्या फलाटापर्यंत. बँडवाले होते. पोलिसांच्या गाडीतून दोन हवालदार आले होते, त्यातला एक आमच्याच गावचा. आमचा भज्यांचा गाडा पिंपळाखाली, अगदी फाटकाला लागून.

देवमन गुरुजी कृती समितीचे अध्यक्ष. हातात माईक घेऊन ते गावाची घोषणेची शिकवणी घेत होते.

"मी म्हणेन, पिंपळझरीला. तुम्ही म्हणायचं, थांबा मिळालाच पाहिजे. आवाज इंजिनापर्यंत गेला पाहिजे. साहेब काचेच्या आत बसतात, लक्षात ठेवा. पिंपळझरीला—"

"थांबा मिळालाच पाहिजे!"

"ह्याला आवाज म्हणतात? जेवून आलात का उपाशी?"

लोक हसले आणि दुप्पट जोरानं ओरडले. मैना माझ्या कडेवर बसून मूठ वर करत होती. आत्याबाई कढईत झारा फिरवत होत्या आणि घोषणा देत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष किटलीकडं.

"आत्याबाई, चहा निवेल. गाडी येईल तेव्हा येईल."

"निवते कायचा. फडकं गुंडायलं न." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुहं काय चाललं आज? सकायपासून पायतो, हात अथी अन् चित्त दुसरीकडंच."

मी ठरवलं होतं गाडी गेल्यावर बोलायचं. पण त्या असं म्हणाल्या आणि मला धीर धरवेना. एवढ्या गलक्यात बोललं तर त्यांना कमी लागेल असंही वाटलं असेल. मी मैनेला खाली ठेवलं.

"आत्याबाई, मला सांगायचंय. तुम्ही रागवा, काय वाटेल ते करा. गाडी थांबो नाहीतर न थांबो, मी आता इथं—"

लांबून भोंगा वाजला.

त्याच क्षणी गुरुजींच्या माईकवरून "पिंपळझरीला—" निघून गेलं होतं आणि गावानं श्वास घेऊन "थांबा" म्हटलं होतं. हजारो माणसांचा एकच शब्द. पुढचं वाक्य बाहेर आलंच नाही. बँडवाल्यांचा सूर अर्ध्यात राहिला, ढोलावरची काठी ढोलाला टेकून थांबली. आमच्या गावचा हवालदार शिट्टी तोंडाला लावून तसाच राहिला आणि परगावचा त्याच्याकडं बघत राहिला.

गाव गप्प झालं होतं.

मी बाजारातली शांतता पाहिली होती. ती पन्नास माणसांची होती. ही किती माणसांची होती मला सांगता येणार नाही. मला माझ्या पायाखालची खडी ऐकू येत होती. तव्यावरच्या पाण्यासारखी चरचरणारी कढई ऐकू येत होती. आत्याबाईंनी ती हळूच खाली उतरवून ठेवली, तिचाही आवाज नको म्हणून. मग वर पिंपळाची पानं ऐकू आली. इतकी वर्षं त्या झाडाखाली भजी तळली, पण त्याला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. मैना काहीतरी विचारायला गेली, "आई, का—", आणि तिनं सभोवार पाहिलं. जन्मापासून तिनं गाडी पाहिली नव्हती. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिनं स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

ज्या गावानं ओरडायला म्हणून महिनाभर तयारी केली होती, ते ओरडायच्या नेमक्या वेळेला गप्प उभं होतं. गुरुजींच्या तोंडावरून कळत होतं की त्यांना ते समजलंय. माईक हातात, डोळे मोठे, आणि काही करता येत नाही. मला वाटलं, संपलं. आता ही भली माणसं अशीच उभी राहणार, गाडी निघून जाणार, आणि ती गेली की तिच्या पाठीवर घोषणा देणार.

गाडी दिसली. छोट्या गाडीच्या मानानं केवढी तरी मोठी. इंजिनाला झेंडूच्या माळा, मागं तीन-चारच डबे. ती वळणावरून सरळ आमच्याकडं यायला लागली आणि रूळ गुणगुणायला लागले. कुणी पाऊल हलवलं नाही.

आणि मग ब्रेक लागल्याचा आवाज आला. लांब, कर्कश, दात आंबवणारा. इंजिन पिंपळाच्या पुढं थोडं सरकलं आणि थांबलं. मागचे डबे पिंपळाच्या अलीकडंच राहिले.

कुणी हूं की चूं केलं नाही. मला आधी कळेना. गाडी थांबली, आता तरी बोला. मग लक्षात आलं. शेवटचा डबा पिंपळाच्या पुढं गेला नव्हता. पूर्वीची गाडी थांबायची ती पिंपळ ओलांडून, फलाटाला लागून. अशी मध्येच उभी राहिलेली गाडी ह्या गावानं कधी पाहिली नव्हती आणि अशा वेळी काय करायचं हे कुणाच्या आजोबांनी सांगून ठेवलं नव्हतं. गाडी लाईनवर आहे, म्हणजे लाईनवरच्या माणसाला अजून धोका आहे. मग बोलायचं नाही.

मागच्या डब्यातून साहेब उतरले. डोक्यावर टोपी, मागं चार-पाच माणसं. खडीवरून जवळजवळ पळतच ते पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं? कुणी आलं का गाडीखाली?"

त्यांनी पहिल्या माणसाला विचारलं, तो जंक्शन किराणावाला. त्यानं हात जोडले. दुसऱ्याला विचारलं, त्यानं हात जोडले. गुरुजींना विचारलं. गुरुजींनी माईक छातीशी धरला आणि तळवा पुढं करून जरा दम धरा अशी खूण केली. साहेब वाकून चाकांखाली बघून आले. तिथं कुणी नव्हतं. ते पुन्हा माणसांकडं बघायला लागले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्याबरोबरची माणसंही कुजबुजायची थांबली. मग साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. का काढली, कुणासाठी, हे त्यांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

ते माझ्यासमोर आले. मी बहुधा त्यांना बाहेरची वाटले असेन.

"ताई, तुम्ही तरी सांगा. काय झालंय इथं?"

मला बोलता आलं असतं. अगदी सहज. मी फलटणची. गावाचा नियम मला लागू नव्हता, मी तर त्याला हसले होते. आणि बोलले असते तर गावाचं कामच झालं असतं. साहेब समोर, कान माझ्याकडं, हात जोडून म्हणायचं, आम्हाला थांबा द्या. मी तोंड उघडलंसुद्धा.

पण माझी नजर रुळांवर गेली. चकचकीत नवे रूळ, खाली पांढरी खडी. तिथं कुणी नव्हतं. तरी मला वाटलं की आहे. पाठमोरा, वाकलेला, हातोडा टाकून कान देऊन उभा असलेला कुणीतरी. सासरे असतील, त्यांच्या आधी गेलेला तो बाजाराच्या दिवशीचा माणूस असेल. सगळं गाव त्याच्यासाठी श्वास धरून उभं होतं. ज्याला आता कुणाच्याच शांततेची गरज नव्हती त्याच्यासाठी. माझ्या अंगावर असा काटा आला की मी मैनेचा खांदा घट्ट धरला. आपण कुठं उभ्या आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोंड मिटलं आणि मी हात जोडले.

आत्याबाईंनी किटली उचलली. ग्लासात चहा ओतला, तळहातावर चार भज्यांचा कागद घेतला आणि दोराखालून वाकून इंजिनापाशी गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत होता, पिकल्या मिशांचा माणूस. त्यानं हात खाली करून ग्लास घेतला. आत्याबाईंनी मग एक बोट पिंपळाकडं केलं, तेच शेवटच्या डब्याकडं केलं, आणि हाताच्या पंज्यानं पुढं, पुढं, अशी खूण केली. गाडी आत घे. ड्रायव्हरनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी आत्याबाईंकडं बघितलं, सगळ्या माणसांकडं बघितलं, आणि मान हलवली. ते चालत मागं गेले. सावकाश, पाय न वाजवता. आपल्या डब्यात चढले.

गाडी हलली. माणसाच्या चालीनं. एकेक डबा आमच्या समोरून गेला. शेवटचा साहेबांचा डबा होता, त्याला मागं मोठी काचेची खिडकी, आणि खिडकीत साहेब उभे, टोपी अजून हातातच. डबा पिंपळाच्या बुंध्याशी आला. अर्धा गेला. पुरा गेला.

"—मिळालाच पाहिजे!"

हजारो माणसांनी एका दमात म्हटलं, जिथं तुटलं होतं अगदी तिथून. पिंपळावरचे बगळे उडाले. बँडनं अर्धा राहिलेला सूर उचलला. कुणीतरी आपल्या बायकोला "—तरी सांगत होतो छत्री घे" म्हणालं, कुणीतरी कुणाला "—हरामखोरा" म्हणालं. आणि साहेब काचेमागं दचकून एक पाऊल मागं गेले, मग पुढं आले, आणि मी पाहिलं की ते हसतायत. हसताहसता त्यांनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला.

थांबा मिळाला. पावसाळा संपता संपता पहिली रोजची गाडी आली आणि फलाटाला लागून उभी राहिली. तो मिशाळ ड्रायव्हर पुढं कितीदा तरी येऊन गेला. आत्याबाईंना त्यानं सांगितलं, "मावशी, मोर्चेवाले ओरडतात, झेंडे हलवतात, आम्हाला सवय असते. भोंगा देऊन निघून जातो. पण त्या दिवशी लांबून एकच शब्द आला, थांबा. आणि मग सगळं गार. वाटलं कुणीतरी खाली गेलं. हात आपोआप ब्रेकवर गेला." आज फलाटावर चार गाडे आहेत, कॉलेजच्या पोरी सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येतात, जिनिंगच्या जागी डाळमिल झाली आणि तिच्या मशीन दुरुस्त करायला एक माणूस चाकणहून परत आला. पाट्यांवरची नावं कुणी बदलली नाहीत. बाहेरगावची माणसं आमच्या स्टेशनवर उतरली की बावरतात, गाडी येताना हे लोक गप्प का होतात म्हणून.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी गाडी फलाटाकडं निघून गेली, माणसं तिच्यामागं धावली आणि पिंपळाखाली आम्ही तिघीच उरलो. आत्याबाईंनी कढई पुन्हा चुलीवर चढवली. रिकामी किटली बाजूला ठेवली. मग पदराला हात पुसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हं. बोल."

"काय?"

"गाडी गेली. पुरं कर. थांबो नाईतं न थांबो, मी आता अथी... पुढं?"

त्यांनी माझ्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. नवं वाक्य काढायचं नव्हतं. तेच पूर्ण करायचं होतं. माझ्याकडं दोनच शब्द उरले होते, आणि सकाळपासून पाठ केलेले. मी पहिला उच्चारला.

"राहणार."

दुसरा आलाच नाही. मी वाट बघितली, आत्याबाईंनीही बघितली. मैना दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

आत्याबाईंनी झारा उचलला आणि कढईत कांद्याचं पीठ सोडायला लागल्या. "मंग घरी गेल्यावर त्या खाटेखालच्या पिशवीतून कुरड्याचा डबा काहाडून ठेव," त्या म्हणाल्या. "प्रफुल्लले आवडते म्हून बुडाशी घातला होता मी. वरच्या कपड्याच्या वझ्यानं चुरा होऊन जाईन त्याचा."